कुणावर रुसला वरुणराजा?

केनवड, २ जुलै

ताई,

नमस्कार. हे सकाळी पेपर वाटून आले की उरलेल्या अंकांचा गठ्ठा गाडीसोबत वाशीमला परत जातो, त्यातच ही चिठ्ठी खोचते आहे. ऑफिसात तुमच्या टेबलावर बरोबर पोचेल. फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हटलं तर घरभर कान टवकारले जातात, आणि तुमचे भाऊ मध्येच फोन ओढून तुम्हाला वांग्याचा भाव सांगायला लागतात.

बातमी तुम्हाला कळली असेल, पण मला ती माझ्या तोंडानं सांगायची आहे. गोविंदसिंग काकांनी पेपरची वार्ताहरकी सोडली आणि केनवडचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, 'बघ जमतं का.' परवा अकोल्याच्या मुख्य ऑफिसातून मोठ्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, जूनच्या पावसाची बातमी तुम्हीच लिहिली का? अशी बातमी आमच्याकडे कुणी पाठवत नाही. मी फोन कानाला लावून नुसती 'हो सर, हो सर' करत राहिले आणि गॅसवरचं दूध सगळं उतू गेलं.

तसं मी काही जगावेगळं लिहिलं नव्हतं. पेरणी झाली, एका दुपारी महिन्याचा पाऊस पडून गेला, बांध फुटले, बी वाहून गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आभाळ पुसल्यासारखं कोरडं. तीन-चार वर्षं आमच्याकडं हेच चाललं आहे. याला कारण आहे, धूर आहे, तापलेला समुद्र आहे, आणि त्याला हवामान बदल म्हणतात, एवढंच मी लिहिलं.

मामाजींच्या, तुमच्या बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू आल्यापासून पेपर मीच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी पहिल्या पानावर डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी होता, वर मथळा 'अस्मानी संकट'. नवव्या पानावर बर्फाच्या तुकड्यावर उभं राहिलेलं पांढरं अस्वल, खाली 'पृथ्वीचा ताप वाढला'. दोघांचं दुखणं एकच, पण पेपरात त्यांची ओळख कुणी करून देत नाही. तुमच्या हातात पान असतं म्हणून सांगते. माझ्या बातमीतले 'हवामान बदल' एवढे दोन शब्द राहू द्या, बाकी कापायचं ते कापा.

मामाजी बरे आहेत. उन्हाळ्यात विहीर खोल केली तेव्हा काठावरच्या साती आसरा, ते शेंदूर लावलेले सात दगड, तुमच्या भावानं नारळ फोडून लिंबाखाली नेऊन बसवले. त्यावरून मामाजी अजून कुरकुरतात, पाण्याच्या देवी पाण्यापासून लांब कशाला नेल्या म्हणून. विहिरीला पाणी मात्र छान लागलं आहे. टमाटे, वांगी, भेंडी लावली. यंदा बगिच्यावरच सगळी भिस्त आहे.

तुमची
साधना


वाशीम, ८ जुलै

साधना,

अभिनंदन. दूध उतू जाणं शुभ असतं म्हणतात.

तुझी ती बातमी जशीच्या तशी छापून आली, कारण त्या दिवशी मी रजेवर होते आणि माझ्या जागेवर बसलेल्या पोराला काय कापायचं ते सुचलं नाही. मी असते तर तुझे ते दोन शब्द पहिल्यांदा गेले असते. रागावू नकोस, धंद्यातली गोष्ट सांगते. 'हवामान बदल' दिसलं की आपला वाचक पान उलटतो. ते शब्द कार्यशाळेत चहा-बिस्किटांबरोबर शोभतात. आमच्याकडे पाऊस आला तर वरुणराजा प्रसन्न झाला, नाही आला तर रुसला, जास्त आला तर कोपला, आणि तोंड दाखवून गेला तर त्याने हुलकावणी दिली. शेतकऱ्याला आम्ही बळीराजा म्हणतो. तो सुखावतो नाहीतर हवालदिल होतो, तिसरं काही त्याला करू दिलेलं नाही. उन्हाळा आला की सूर्य आग ओकतो. हे सगळे तयार ठोकळे आहेत, संध्याकाळी पान सोडायच्या घाईत पटकन बसतात. शिवाय राजा रुसला असं लिहिलं की कुणाला फोन करून 'यावर तुमचं म्हणणं काय' हे विचारावं लागत नाही. धूर म्हटलं की तो कुणाचा, हे आलं. मग त्या कुणाची जाहिरात आपल्याकडे आहे का, हेही बघणं आलं. समुद्र तापला लिहिलं तर वाशीममध्ये समुद्र पाहिलाय कुणी?

तेव्हा अस्वल नवव्या पानावर बरं आहे. त्याला तिथे करमतं.

आणि साहेबांच्या फोनचं म्हणशील तर खरं सांगते, मला ते वाचून वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांचं जिल्ह्याचं पान लावते आहे. 'पान उशिरा का झालं' यापलीकडे त्यांनी मला फोन केलेला नाही. तू चार बातम्या पाठवल्यास आणि तुझी चौकशी झाली. लपवून काय करू? लागलं मनाला.

बाबांबद्दल तू फार त्रोटक लिहितेस. ते माझं पान ऐकतात ना? आधी माझं पान वाचतेस की तुझी बातमी? आणि आसरांना हात कशाला लावायला गेला दिनेश? माझा आसरांवर विश्वास आहे असं नाही आणि नाही असंही नाही, पण बाबांना दुखवू नका.

उज्ज्वला


केनवड, २० जुलै

ताई,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते.

सकाळी पेपर घेऊन बसले की मामाजींचा पहिला प्रश्न ठरलेला: "उज्ज्वलाचं काय आलं?" पानावर तुमचं नाव नसतं, पण जे जे त्यांना आवडतं ते तुमचं, हे त्यांनी ठरवून टाकलं आहे. जूनच्या बातमीवर माझं नाव छापून आलं होतं. मी दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उज्ज्वलानं चांगलं सुधरवून घेतलं." ताई, भाकरी मी टाकते, पेपर मी वाचते, डोळ्यात औषध मी घालते, आणि कौतुक वाशीमला जातं. तुम्हाला कसली काळजी आहे, मला कळत नाही.

पाऊस गेला तो गेलाच. सोयाबीन पिवळं पडायला लागलं आहे. आमचा बगिचा तेवढा मोटारीवर उभा आहे, टमाट्याला फूल दिसतं. मोटार चालू आहे तोवर काळजी नाही, असं हे म्हणतात.

आता दुसरी गोष्ट. अकोल्याच्या साहेबांचा पुन्हा फोन आला होता. पाऊस आणि शेत यावर दर शनिवारी लिहाल का, म्हणून विचारलं. सदर होईल, नाव आणि फोटो लावून. मी हो म्हटलं. मामाजी त्याच दुपारी काठी टेकत इस्माईलभाईंच्या सायकल दुकानावर जाऊन सांगून आले, "आमच्या सुनेचा फोटू येऊन राह्यला पेपरात." घरी आल्यावर मला विचारलं, "उज्ज्वलाचा फोटू काहून नाई येत?" मी म्हटलं, टेबलावर काम करणाऱ्यांचा येत नाही मामाजी.

हे लिहावं की नाही, याचा मी विचार केला होता. मग लिहिलं.

सोबत बातमी पाठवते आहे. पावसाचा हा खंड काही लहर नाही, पुन्हापुन्हा असाच पडतो आहे, हे मी शेतांची नावं घेऊन लिहिलं आहे. कृपा करून ते राहू द्या.

साधना


वाशीम, २६ जुलै

साधना,

तुझी बातमी उद्याच्या अंकात जिल्ह्याच्या पानावर वर, चार कॉलम लावली आहे. यापेक्षा मोठी जागा आमच्याकडे नसते. मजकूर लांबला होता, तो आटोपशीर केला. मथळा मी दिला आहे: 'कुणावर रुसला वरुणराजा?' खाली लहान अक्षरात, 'केनवड परिसरात बळीराजा हवालदिल. कुणाचे चुकले, गावात चर्चा.' प्रश्न टाकला की माणूस वाचतो. फोटोही मिळाला एक, आभाळाकडे बघणाऱ्या म्हाताऱ्याचा. तो केनवडचा नाही, पण आभाळ सगळीकडे सारखंच.

शनिवारच्या सदराबद्दल अकोल्याहून माझं मत विचारलं होतं. खेड्यातून दर आठवड्याला वेळेवर मजकूर येणं कठीण आहे, असं मी कळवलं. ते खोटं नाही. तुला घर आहे, बगिचा आहे, बाबांचं सगळं तुझ्यावर आहे. पुढे बघू.

टेबलावर काम करणाऱ्यांचा फोटो येत नाही, हे तू बाबांना बरोबर सांगितलंस.

उज्ज्वला


केनवड, ९ ऑगस्ट

ताई,

बातमी का आली नाही, असा तुमचा निरोप मिळाला. मी सध्या बातमी पाठवत नाही. पेपर वाटप वेळेवर चालू आहे. मामाजींची तब्येत ठीक आहे, जेवण जातं. पाऊस नाही.

साधना


वाशीम, १२ ऑगस्ट

साधना,

चार ओळींचं पत्र! तारेचा जमाना परत आला की काय?

एका मथळ्यावरून रुसलीस? तुझ्यापेक्षा वरुणराजा बरा, तो निदान वर्षाकाठी एकदा तरी मनवल्यावर येतो. अगं, या धंद्यात रोज कुणी ना कुणी माझ्यावर रुसतं. पुढाऱ्याचं नाव खाली गेलं की पुढारी, फोटोत पाठ आली की मुख्याध्यापक. मी सगळ्यांची समजूत काढत बसले तर पान कोण लावील? तुझा शब्द कापला गेला म्हणून तू काम सोडून बसणार असशील, तर अकोल्याला मी कळवलं ते बरोबरच होतं म्हणायचं.

आणि मथळा चालला, हे तुला आवडो न आवडो. त्या पानाचा फोटो काढून लोकांनी गावोगावी मोबाईलवर फिरवला. कारंज्याहून, शिरपूरहून फोन आले. अकोल्याच्या साहेबांनीसुद्धा या वेळी मला फोन केला. मला, साधना. म्हणाले, 'मथळा असा पाहिजे.' मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. हे सगळं दिनेशला सांगायचं होतं, पण तो फोनवर हं-हं करतो आणि ठेवून देतो. तू त्याचेही कान भरलेस वाटतं.

मला एकच विचारायचं आहे, आणि तू ते मुद्दाम लिहीत नाहीस. बाबांना तो मथळा कसा वाटला? आवडला असणार. आवडला नसता तर तू आनंदाने दोन पानं भरून कळवलं असतंस. माझं काही त्यांना आवडलं की तुझी लेखणी आखडते, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

उज्ज्वला


केनवड, १५ ऑगस्ट

ताई,

मामाजींना मथळा आवडला. फार आवडला. तुम्हाला सगळं ऐकायचं आहे ना, तर ऐका.

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी पेपर घेऊन बसले. तुमचा मथळा वाचला. मामाजी म्हणाले, "वाच बरं पुन्हा." मी पुन्हा वाचला. "उज्ज्वलानं लेहेलं?" मी म्हटलं, मथळा ताईंचाच आहे, खालची बातमी माझी होती, तिच्यात आता फक्त गावाचं नाव माझं राहिलं आहे. त्यांनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही. पेपर मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि पारावर गेले.

पारावर कुणाकडून तरी तो मथळा मोठ्यानं वाचून घेतला. प्रश्न छापलेला होता, ताई. छापलेल्या प्रश्नाला लोक उत्तर देतातच. कुणावर रुसला? शेजारच्या सीताबाई म्हणाल्या, "आता तं पेपरात बी आलं. आसरा काढल्या न् पाणी गेलं. कोनाच्या वावरातल्या काढल्या, हे काय सांगा लागते?" संध्याकाळपर्यंत दहा-बारा जण आमच्या अंगणात. त्यांचंही सोयाबीन जळत होतं, त्यांना कुणावर तरी चिडायचं होतं. इस्माईलभाई मध्ये पडले. म्हणाले, "अरे भाऊ, पानी कारंज्यात नाही, रिसोडात नाही. सगळीकडच्या विहिरी दिनेशनं खोदल्या का?" पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. तुम्हाला आमच्या देवाचं काय कळतं, असं त्यांनाच म्हणाले.

तरी हे सगळं निभावलं असतं. यांनी लोकांना परत पाठवलंच होतं. पण मामाजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माह्या पोरीनं छापलं हाये. तिचं खोटं राह्यत नाई. चूक आमच्या घरची हाये." मग विहिरीवर गेले, स्टार्टरचे फ्यूज काढले आणि बंडीच्या खिशात घातले. पोळ्यापर्यंत आसरांचं पाणी उपसायचं नाही, पोळ्याला दगड परत काठावर बसवायचे, गावाला जेवण द्यायचं, असं तिथंच कबूल केलं. यांनी भांडून पाहिलं, हात जोडून पाहिले. बापाच्या खिशात हात घालायचं तेवढं यांच्यानं झालं नाही. आता हे कुणाशीच बोलत नाहीत, म्हणून तुमच्याशीही हं-हं करतात. मी कुणाचे कान भरले नाहीत.

विहिरीत पाणी आहे. वाकून पाहिलं की दिसतं. आणि पन्नास पावलांवर टमाटे उभ्यानं वाळले. मी घागरीनं पाणी नेत होते, तर तेही मामाजींनी बंद करायला लावलं. भेंडी गेली. वांगी अजून माना टाकून उभी आहेत, पोळ्यापर्यंत तीही जातील.

मी मामाजींना समजावलं. म्हटलं, ताईंनी ते सजवण्यासाठी लिहिलं, पेपरात तसं लिहायची पद्धत आहे, कुणी राजा नाही आणि कुणी रुसलेलं नाही. ते मला काय म्हणाले, सांगू? "तुले जळन हाये माह्या पोरीची."

ते खोटं नाही, ताई. मला आहेच. पण ते ऐकताना मी हातात रिकामी घागर घेऊन उभी होते.

साधना


वाशीम, १६ ऑगस्ट

साधना,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि तशीच बाहेर जाऊन दिनेशला फोन लावला. बाबांना द्यायला लावला. मी ओरडून ओरडून सांगितलं की बाबा, ते सगळं मनाचं आहे, मोटार लावा. ते म्हणाले, "फोनवर कोनाचा बी आवाज काढता येते. छापलेलं माह्याजवळ हाये. तुले सांगाचं असन तं लेखी सांग."

मी पेपरात खुलासा छापायचा विचार केला. कशाचा छापू? 'वरुणराजा रुसलेला नाही, वाचकांनी नोंद घ्यावी'? साहेबांना विचारायची हिंमत केली, तर ते हसले. पोळ्याच्या पुरवणीचं काम आहे, माणसं कमी आहेत, रजा मिळत नाही. उद्याच्या गाडीने बाबांना लेखी पाठवते आहे. ते तुलाच वाचून दाखवावं लागेल, हे मला माहीत आहे. त्यात जे लिहीन ते तुझ्या तोंडून निघणार, हेही माहीत आहे. दुसरा इलाज नाही. एक शब्द गाळू नकोस.

उज्ज्वला


वाशीम, १७ ऑगस्ट

ती. बाबांस,

साष्टांग नमस्कार. हे पत्र साधना वाचून दाखवते आहे, पण लिहिलेलं माझं आहे. तुम्ही लेखी मागितलंत म्हणून लिहिते.

बाबा, तो मथळा माझा. पण तो खरा नाही. केनवडात चर्चा होती असं मी लिहिलं, तेव्हा मी वाशीममध्ये पंख्याखाली बसले होते. केनवडात कुणी काही चर्चा करत नव्हतं. ती चर्चा माझ्या मथळ्याने सुरू केली. साधनेने पाठवलेल्या बातमीत सगळं नीट लिहिलेलं होतं: पाऊस असा का पडतो, का थांबतो, हे सगळ्या मुलखात कसं चाललं आहे. ते मी कापून टाकलं आणि त्या जागी राजा बसवला. आम्ही वर्षानुवर्षं असाच बसवत आलो आहोत. पावसाला राजा केलं की तो रुसू शकतो, आणि तो रुसला की कुणीतरी चुकलेलं असावं लागतं. ते कुणीतरी आपल्याच घरचं निघेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आसरा रागावलेल्या नाहीत. दिनेशने काही पाप केलेलं नाही. फ्यूज त्याला परत द्या आणि आजच मोटार लावा.

आणि तो मथळा मी का दिला, तेही सांगते. नेहमीची पद्धत म्हणून तर दिलाच, पण नुसतं तेवढं नाही. अकोल्याच्या साहेबांनी साधनेला फोन केला. तिचा फोटो येणार होता. तुम्ही इस्माईलभाईंच्या दुकानावर जाऊन ते सांगून आलात, आणि माझा फोटो का येत नाही म्हणून विचारलंत. मी तिच्यावर जळले, बाबा. तिची बातमी तिची राहू नये, म्हणून मी ती माझी करून टाकली. तिचं सदरही मीच बंद पाडलं. तुमच्या पोरीने छापलं म्हणून ते खरं, असं तुम्ही गावासमोर म्हणालात. तुमची पोरगी एवढी खरी नाही. हे तुम्हाला सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं आहे, पण मोटार लावा.

तुमची
उज्ज्वला


केनवड, १९ ऑगस्ट

ताई,

मोटार चालू झाली. टमाटे काही परत येत नाहीत. वांगी धरतील असं हे म्हणतात. तीन आठवड्यांनी यांच्या तोंडून घरात एवढा एक शब्द निघाला.

तुमचं पत्र मी काल सकाळी वाचून दाखवलं. मामाजी खाटेवर सरसावून बसले होते, कानामागं हात धरून. हे दाराशी उभे. मी 'आसरा रागावलेल्या नाहीत' इथपर्यंत तुमचा शब्द न् शब्द वाचला होता, फक्त सुरुवातीचा 'तो मथळा माझा' आणि त्यामागून येणारे सगळे 'मी' सोडून. ते मी वाचले नाहीत. 'तो मथळा ऑफिसातल्या दुसऱ्या कुणीतरी दिला, मला न विचारता,' असं वाचलं, आणि पुढं 'मी कापून टाकलं' तिथं 'त्यानं कापून टाकलं'. आणि शेवटचा परिच्छेद वाचलाच नाही. 'मोटार लावा, तुमची उज्ज्वला' असं म्हणून घडी घातली.

मामाजींचा चेहरा पाहायला पाहिजे होता तुम्ही. जणू डोळ्यावरचा पडदा काढला. म्हणाले, "मले वाटलंच होतं. माही उज्ज्वला असं कायले लिहीन?" फ्यूज बंडीतून काढून स्वतः यांच्या हातावर ठेवले. मग काठी घेऊन पारावर गेले आणि सगळ्यांना सांगून आले की ते पेपरवाल्यांचं कोनाचं तरी काम हाये, माह्या पोरीचं नोहे, तिनं तं लेखी कळवलं. सीताबाईंशी भांडलेसुद्धा. त्या मथळ्यावर ते गावापुढं तुमच्या नावानं उभे राहिले होते, याची आता कुणी त्यांना आठवण करून द्यायला जात नाही.

मी गाळून वाचलं, हे यांना कळलं. यांनी तुमचं अक्षर लांबून पाहिलं होतं, पत्र केवढं आहे ते पाहिलं होतं. फ्यूज घेऊन विहिरीकडं गेले.

तुमचं पत्र माझ्यापाशी आहे. मागू नका, मी परत देणार नाही. शनिवारचं सदर मला पाहिजे. अकोल्याला तुम्हीच फोन करा आणि मजकूर वेळेवर येईल असं सांगा. नाव माझं, फोटो माझा, आणि मथळा मी देईन. त्यात राजा नसेल. पहिल्या शनिवारी मी आमच्या वाळलेल्या टमाट्याचं लिहिणार आहे, विहिरीत पाणी असताना ते कसे वाळले ते. तुमचं नाव त्यात येणार नाही.

पण हे मी तुमच्यासाठी केलं असं समजू नका. शेवटच्या परिच्छेदावर माझं बोट होतं, वाचायला तोंड उघडलं होतं. एकदा वाटलं, वाचावं. ऐकू द्या मामाजींना, त्यांची पोरगी कशी आहे ते. मग मी मामाजींकडं पाहिलं. ते वाचून त्यांचा तुमच्यावरचा जीव कमी झाला असता, ताई, पण जेवढा कमी झाला असता तेवढा माझ्याकडं आला नसता.

साधना